निळ्या ड्रममधला समुद्र

चहा घ्या आधी. जे सांगणार आहे ते कोरड्या घशाने सांगवत नाही. आणि एक अट आहे, मध्येच कोणी मठ्ठ्याचं नाव काढायचं नाही. वेळ आली की मीच काढीन.

तुम्हाला माहीत आहे, मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट-बोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळं माझ्या ताब्यात. कोणी अर्धवट झोपेत येऊन बारा नंबरचा वॉशर मागितला तरी माझा हात बरोबर त्या खणात जायचा. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट शिकवायचो. चिठ्ठी डब्याला लावायची, झाकणाला नाही, कारण डबा जागेवर राहतो आणि झाकणं फिरतात. एकाने एकदा झाकणाला लावली, तर मी त्याला सगळ्यांसमोर असा झापला की पुढे महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

एवढं लक्षात ठेवा. मी विसरलो, तुम्ही तरी विसरू नका.

तर आमच्या प्राचीचं लग्न झालं. मुलाकडचे भिवपुरीचे, भातशेती आहे, जावई निलेश नोकरीला, माणसं सरळ. मांडव लोधिवलीत आमच्याच दारात घातला आणि नियोजन अर्थातच माझं. किती ताटं, किती खुर्च्या, कुठल्या पंगतीला कोण वाढणार, सगळं वहीत लिहिलेलं. लोक म्हणत होते, बापाने काय व्यवस्था ठेवलीय. मी पण मान डोलवत फिरत होतो. आणि शेवटच्या पंगतीत, जिथे नेमक्या विहीणबाई जेवायला बसल्या होत्या, तिथे मठ्ठा संपला.

विहीणबाई म्हणजे अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजून मापून. त्यांनी रिकामा ग्लास उचलला, आत बघितलं, परत खाली ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे. पाणी हाय ना?"

बस. ना राग, ना रुसवा. रुसल्या असत्या तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. पण त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं आणि सासरी गेलेल्या माझ्या पोरीवर पुरवून पुरवून वापरायला लागल्या. प्राचीने चहा टाकला की, "पुरंल ना गं सगल्यांना? नायतर तुमच्याकडच्या मठ्ठ्यावानी व्हायचा." पाहुणे आले की, "भाजी जरा जास्तच टाक, मठ्ठा आठव." प्राची हे सगळं मला फोनवर हसत हसत सांगायची. एकदा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "पप्पा, एकदा तरी असं काहीतरी करा ना, की हे बंद होईल."

मला ते फार लागलं. चूक माझी आणि बोलणी पोरगी खातेय. मी त्या दिवसापासून संधीची वाट बघायला लागलो.

संधी आली मे महिन्यात. निलेशनेच काढलं, की दोन्ही घरची मंडळी एक दिवस समुद्रावर जाऊ, अलिबागकडे, सकाळी निघून संध्याकाळी परत. मी फोनवरच सांगून टाकलं, "या. पण सामान मी भरणार. तुमी हात हलवीत यायचं. रुमालसुद्धा आणायचा नाय."

आमची सुमन शेजारीच उभी होती. म्हणाली, "अवो, एका दिवसाचं तर काम हाय. चार पिशव्या घेतल्या की झालं."

"पिशव्यांनीच घात होतो," मी म्हटलं.

आणि खरंच होतो. आमच्याकडची माणसं समुद्रावर कशी जातात ते तुम्हाला सांगायला नको. आमचा सगळा जन्म डोंगर आणि भातखाचरं यांच्यामध्ये गेलेला. समुद्र तसा दोन-अडीच तासांवर, पण जायचं चार-पाच वर्षांतून एकदा. मग प्रत्येकाची वेगळी पिशवी, वर एक 'असू दे' म्हणून घेतलेली पिशवी. किनाऱ्यावर पोचलं की टॉवेल एकीत, साबण दुसरीत, भाकरीत वाळू, चटणीत वाळू, आणि कोणाचं तरी पाकीट ओल्या पँटच्या खिशात. मागच्या खेपेला माझ्या चष्म्यावर आमच्याच मेहुण्याने बसकण मारली होती, कारण चष्मा कुठल्या पिशवीत आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी ठरवलं, पिशवीच नको. सगळं एकाच ड्रममध्ये न्यायचं.

ते निळे प्लॅस्टिकचे ड्रम बघितलेत ना? वर झाकण, झाकणाभोवती लोखंडी रिंग आणि रिंगला खटका. आमच्याकडे घरटी एक तरी असतोच, वर्षाचा तांदूळ भरून ठेवायला. पाणी शिरत नाही, उंदीर शिरत नाही, तर वाळूची काय बिशाद. आमच्या पडवीत तांदळाचा एक होताच. मी हायवेवर जाऊन तस्साच दुसरा घेऊन आलो, त्याच मापाचा, त्याच रंगाचा. पूर्वी त्यात साखरेचा पाक असायचा, म्हणून तीन वेळा धुतला.

भरायला मला दोन दिवस लागले. हसू नका, विचार होता त्यात. जे शेवटी लागणार ते तळाला. म्हणजे कोरडे कपडे, सहा जणांचे सहा जोड, वेगवेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधलेले. विहीणबाईंसाठी सुमनची नवी साडी. त्यावर टॉवेल, मग साबण, कंगवा, आरसा. मग चटया गुंडाळून कडेने. टोप्या एकात एक. मधल्या जागेत जेवणाचे डबे, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी. पाण्याच्या बाटल्या. औषधाचा डबा, सुई-दोरा, पिना, बॅटरी.

"बॅटरी कशाला? दिवसाच परत येनार ना?" सुमनने विचारलं.

"स्टोअरवाला असं इचारत नाय," मी म्हटलं.

यादी केली. सत्तेचाळीस वस्तू. ती भिजू नये म्हणून चौक गावात जाऊन लॅमिनेट करून आणली. दुकानदार वाचून म्हणाला, "काका, दुकान टाकताय का?" मी बोटाने खालची ओळ दाखवली. यादीच्या खाली 'तपासले' असं लिहून मी सही केलेली होती.

आता या यादीतली पहिली वस्तू. मठ्ठा. दहा लिटरचा पांढरा कॅन धुवून, सकाळी सकाळी ताजा घुसळलेला, कोथिंबीर, जिरं, आलं, हिंग घालून. तो सगळ्यात वर बसणार होता, कारण उघडलं की पहिला तोच निघाला पाहिजे. हे फक्त मला आणि सुमनला माहीत. मी मनात सगळं ठरवलं होतं. भर उन्हात वाळूत बसलेल्या विहीणबाईंच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास द्यायचा. काही बोलायचं नाही. त्या पिणार, ग्लास खाली करणार, आणि मग मी सावकाश म्हणणार, "आणखी घ्या. भरपूर हाय." या चार शब्दांची मी आरशासमोर तालीम केली होती, आवाज कुठे खाली आणायचा ते धरून.

राहिली चिठ्ठी. दोन ड्रम सारखेच, तेव्हा चिठ्ठी हवीच. एकावर 'तांदूळ', दुसऱ्यावर 'समुद्र'. पण ड्रम नुकते बाहेरून पुसलेले, दमट, टेप काही धरेना. झाकणं मात्र खडखडीत कोरडी होती. म्हटलं, आजच्या दिवसापुरतं झाकणावर.

बघा, हसलाच तुमच्यातला एक. थांबा, अजून पुष्कळ बाकी आहे.

सकाळी सहाला मी मठ्ठ्याचा कॅन आत बसवत होतो. झाकण बाजूला काढून ठेवलेलं. तेवढ्यात सुमन ताट घेऊन आली. "अवो, तांदळाचा ड्रम उघडा जरा. सांजंला जाताना विहीणबाईंची ओटी भरायची हाय. आल्यावर दमलेलं असतो आपण, आताच वाटीभर काढून ठेवते."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी दुसऱ्याचंही झाकण काढलं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं. तिने तांदूळ घेतले. आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणे अर्धा तास आधीच आले होते. मी घाईघाईने दोन्ही ड्रमवर झाकणं बसवली, रिंगा चढवल्या, खटके मारले. 'समुद्र' लिहिलेल्याला वरून छोटं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. कुलूप अशासाठी, की वाटेत कोणाला उघडायचा मोह होऊ नये. नियोजन असंच विस्कटतं, एक जण बिस्कीट काढतो आणि वरचा थर खाली जातो.

बाहेर येऊन बघतो तर व्याही, विहीणबाई, निलेश, प्राची आणि त्यांच्याबरोबर चक्क तीन पिशव्या. मी हात जोडून पिशव्यांच्या आडवा उभा राहिलो.

"विहीणबाई, रागावू नका. पन ह्या हितंच राहतील. तुमच्या केसाच्या पिनेपासून सगळं भरलंय."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग प्राचीकडे. "माझं लुगडं हाय त्यात. पान्यात गेल्यावर भिजंल म्हनून."

"तुमच्यासाठी कोरी साडी हाय आत."

"पुरंल ना सगल्यांना सगलं?"

प्राचीची मान खाली गेली. मी म्हटलं, "विहीणबाई, आज काय कमी पडलं तर मी पुन्यांदा नियोजन हा शब्द तोंडातून काढनार नाय." त्यांनी पिशवी पडवीत ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या. आमच्या सुमनच्या पदराखाली एक छोटी पिशवी दिसत होती, ती मी स्वतः काढून घेतली. तिने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर परत दिली असती.

निलेश आणि व्याहींनी ड्रम उचलला. निलेश वाकून म्हणाला, "पप्पा, लय जड हाय हो."

"असणारच. दोन दिवस भरतोय मी."

"आन आत काय हलत कसं नाय?" व्याहींनी विचारलं.

"हलनारच नाय. त्यालाच पॅकिंग म्हनतात, व्याही."

दोघांनी मला दोन वेळा सावध केलं आणि मी दोन्ही वेळा मिशीतल्या मिशीत हसलो.

प्रवासाचं काय सांगू. पेण सोडलं आणि उन्हं चढली. व्याहींना पाण्याची बाटली घ्यायची होती. "हाय आत." मग उघडा की, ते म्हणाले. "समुद्रावर." वडखळच्या पुढे निलेशने वड्याच्या गाडीजवळ गाडी हळू केली, मी त्याला पुढे घ्यायला लावली, भूक मोडली तर बिरड्याचं काय? पोयनाडला प्राचीला टोपी आवडली. "सहा टोप्या हायत." अलिबागमध्ये सुमन नुसती टॉवेलच्या दुकानाकडे बघत होती, तर मी म्हटलं, "बघायचं पन नाय." शेवटी गाडीत कोणी काही मागेनासं झालं. विहीणबाई खिडकीतून बाहेर बघत मशेरी लावत होत्या. ती एक डबी त्यांच्या कमरेला होती म्हणून वाचली, नाहीतर तीही मी ठेवून घेतली असती.

वरसोलीला पोचलो. सुरूची झाडं, समोर लांबच लांब वाळू, मे महिन्यातलं पाणी चमकत होतं. सगळे तहानलेले, घामेजलेले, भुकेले. मला हेच हवं होतं. मी ड्रम सावलीत मधोमध ठेवायला लावला. सगळ्यांना गोल उभं केलं. विहीणबाईंना पुढे बोलावलं. हातात ग्लास नव्हता, तो आत होता, पण ग्लास धरल्यासारखा हात माझा आपोआप झालेला.

गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं. खटका सोडला, रिंग काढली आणि झाकण उचललं.

आत तांदूळ होता.

काठोकाठ भरलेला, पांढरा स्वच्छ तांदूळ. वर कडुनिंबाची वाळकी पानं आणि मध्यभागी सुमनने वाटी घातल्याचा खड्डा.

मी आधी झाकणाकडे बघितलं. 'समुद्र'. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. मग ड्रमकडे बघितलं. मग माणूस काय करतो? मी हात खांद्यापर्यंत तांदळात घातला. न जाणो, खाली टॉवेल असला तर. तळापर्यंत तांदूळच होता.

"काय शोधताय?" सुमनने शांतपणे विचारलं. तिला सगळं कळलेलं होतं.

"झाकणं," मी म्हटलं. "झाकणं फिरली."

व्याही फार सज्जन माणूस. ते म्हणाले, "तांदूळ चांगला हाय." एवढं बोलून ते समुद्राकडे बघायला लागले. निलेश खोकत होता, पण तो खोकला नव्हता. आणि प्राची? तिच्याकडे मला बघवेना. पोरीने एकदाच काही मागितलं होतं, आणि मी तिच्या सासूला उपाशी, तहानलेली, अंगावरच्या लुगड्यानिशी समुद्रावर आणून तांदूळ दाखवला होता. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, खोटं कशाला सांगू.

पण मी हटलो नाही. म्हटलं, अजून दिवस आहे. "पाच मिनिटं थांबा. दुकानातून सगळं घेऊन येतो. यादी पाठ हाय माझी." आणि खिशात हात घातला. पाकीट नव्हतं. पाकीट भिजू नये म्हणून सकाळीच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ते ड्रममध्ये ठेवलं होतं. आणि घरी राहिलेलं ते एकटंच पाकीट नव्हतं. निलेशचं आणि व्याहींचं पाकीट, सगळ्यांचे फोन हे सगळं गाडीत बसायच्या आधी मी गोळा करून अंगणातल्या बाकावर ठेवलं होतं, ड्रममध्ये टाकायला. मग कुलूप आधीच लावलेलं दिसलं, उघडायचा कंटाळा आला, आणि मी ते घरात नेऊन फळीवर ठेवून दिलं. म्हटलं, लागतंय कशाला, सगळं तर घेतलंय.

हे मी त्यांना तिथे सांगितलं तेव्हा निलेशचा खोकला थांबला.

विहीणबाई इतका वेळ ड्रमजवळ उभ्या होत्या. त्या वाकल्या, मूठभर तांदूळ घेतला, तळहातावर पसरला, एक दाणा दाताखाली फोडला. "गेल्या सालचा?"

"हो," मी म्हटलं. "घरचाच हाय. आमच्या खाचरातला."

"मोकला व्हत असंल भात."

"दाना दाना वेगला व्हतो," सुमन म्हणाली.

विहीणबाईंनी पदर खोचला. सुरूच्या पलीकडे कोळीवाडा होता. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, खाली जाळ्यावर जवळा पसरलेला, आणि एक थोराड कोळीण कावळे हाकत बसलेली. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या ल्हानपनी कोलनी सुकट घेऊन दारात यायच्या आन भात घेऊन जायच्या. त्या येत व्हत्या, आज आपून जाऊ. निलेश, उचल ड्रम."

मी म्हटलं, "विहीणबाई, आता कोन घेतं तांदूळ? पैशाचा जमाना हाय."

"पैसं हायत तुमच्याजवल?"

मी ड्रमची एक बाजू धरली.

कोळणीने आधी झटकूनच टाकलं. "तांदूल नको गो बाय, दुकानात मिलतो."

"दुकानातला खातेस तू? बघ तरी." विहीणबाईंनी तिच्या हातावर मूठ रिकामी केली. "पॉलिश नाय, पावडर नाय. आमचे व्याही हायत, त्यांनी मुद्दाम तुमच्यासाटी हितवर आनलाय."

मी मुद्दाम आणल्यासारखा चेहरा केला. दुसरा पर्यायच नव्हता.

कोळीण दाणे हुंगून बघायला लागली, मग शेजारणीला हाक मारली, शेजारणीने जावेला. दहा मिनिटांत ड्रमभोवती घोळका. आणि मग विहीणबाईंचं जे सुरू झालं, ते मी तेवीस वर्षांच्या नोकरीत बघितलं नव्हतं. एक डबा तांदळाला एवढे बोंबील. एवढा जवळा. सुक्या कोलंबीकडे बोट करून, "सोडं दाव. हे बारीक हायत, ते वरचं दाव." एका मापाला ताजी मांदेली. एका मापाला सहा जणांचं जेवण, तिनेच रांधायचं, तांदूळ आमचाच, कालवण तिचं. बसायला गोधडी, प्यायला माठातलं पाणी, न्हायला विहीर, पुसायला तिच्या घरचे टॉवेल, हे सगळं त्यांनी मापाच्या वरचं म्हणून सोडवून घेतलं. बोलणं मोजून मापून म्हणालो ना मी? त्या दिवशी तासभर त्या थांबल्या नाहीत.

दुपारी आम्ही कोळणीच्या ओटीवर जेवलो. आमचाच तांदूळ, पण त्या कालवणाबरोबर मला तो नव्याने कळला. मग सगळे पाण्यात गेले. विहीणबाईंनी कोळणीचं जुनं लुगडं नेसून प्राचीचा हात धरला आणि लाटेत बसकण मारली. दोघी खिदळत होत्या. मी काठावर उभा राहून बघत होतो, तर विहीणबाईंनी तिथूनच हाक मारली, "या की व्याही, का पान्याला पन कुलूप लावलंय?" मी कपड्यांनिशी गेलो. बाहेर आल्यावर मला बदलायला कोळणीच्या नवऱ्याची लुंगी मिळाली, जांभळी, तिच्यावर तळहाताएवढी पिवळी फुलं. ती लुंगी नेसून मी गाडीत बसलो.

परतीच्या वाटेवर ड्रम अर्धा रिकामा झाला होता आणि गाडीत बोंबलाचा वास भरला होता. विहीणबाई खुशीत होत्या. पेणच्या अलीकडे आपणहून म्हणाल्या, "काय पन म्हना, आज काय कमी पडलं नाय. तांदूल तर उरला पन." प्राचीने मागून माझ्या खांद्याला हळूच हात लावला. तुम्हाला सांगतो, दिवसभरात मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. जसं ठरवलं तसं नाही झालं, पण झालं. लुंगी सावरत मी ताठ बसलो.

तिथेच ही गोष्ट संपली असती तर मी ती स्वतःहून सांगत फिरलो असतो.

लोधिवलीला आलो तेव्हा ऊन उतरत होतं. सुमन ओटीचं ताट आणायला आत गेली. ते बघून विहीणबाई म्हणाल्या, "तांदूल नको बाय आता, नारल घाल नुसता," आणि सगळे हसले, मीसुद्धा. त्या आपली पिशवी उचलायला पडवीत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"व्याही, तुमचा तांदूल गलतोय."

पडवीवर आमच्या पत्रे आहेत. मे महिन्यात तिथे दुपारी पाय ठरत नाही. कोपऱ्यात तो दुसरा ड्रम उभा होता, झाकणावर माझ्या सुंदर अक्षरात 'तांदूळ', आणि रिंगेखालून पांढरं काहीतरी ठिबकत होतं. जवळ गेलो तर आतून बारीक फसफस ऐकू येत होती.

"राहू दे, मी नंतर बघतो," मी म्हटलं. पण निलेशने खटका सोडलासुद्धा.

दिवसभर उन्हात उबून मठ्ठा फुगला होता, कॅनचं बूच उडालं होतं, आणि सगळ्यात वर ठेवलेला तो दहा लिटर मठ्ठा माझ्या सगळ्या थरांमधून शिस्तीत तळापर्यंत उतरला होता. भाकऱ्या त्यात, टोप्या त्यात, टॉवेल, सहा जोड कपडे, कोरी साडी, सगळं त्यात. वर माझी लॅमिनेट केलेली यादी पडली होती. तिला मात्र काही झालं नव्हतं. विहीणबाईंनी ती दोन बोटांनी उचलली आणि पडवीच्या उजेडात धरून सावकाश वाचली. "एक, मठ्ठा. तपासले. खाली सही हाय."

मग त्यांनी आतला एक टॉवेल ओढला, सुमनच्या ताटातली ओटीची वाटी रिकामी केली आणि टॉवेल तिच्यात पिळला. वाटी भरली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"घ्या व्याही," त्या म्हणाल्या. "आणखी घ्या. भरपूर हाय."

माझे चार शब्द. आवाजसुद्धा बरोबर तिथेच खाली आणला होता.

प्राची पडवीच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून तिला मठ्ठ्यावरून बोलणं साफ बंद झालं. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं. आता विहीणबाईंना काही बोलायचं असलं, की त्या सुनेला सोडतात आणि थेट मला फोन करतात.